रंगाचा फवारा आणि वाऱ्याची वाट

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये कृष्णार्जुनांच्या रथाचे शिल्प आहे, नेहरू आर्ट गॅलरी आहे, आणि संध्याकाळच्या वेळी सेक्टरासेक्टरांतून आलेल्या दुचाक्यांची दाटी आहे. या दुचाक्यांकडे निरखून पाहणाऱ्याला एखादीची टाकी किंवा मडगार्ड कारखान्यातून आलेला रंग टाकून नव्या रंगात मिरवताना दिसले, तर त्यात नवल नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या या पोलादाच्या गावात यंत्राशी हात जुळलेली माणसे पुष्कळ. अशा माणसाला सायकल, पंखा, लोखंडी कपाट रंगविण्यासाठी बाहेर पैसे मोजणे जिवावर येते. मग क्वार्टरच्या मागल्या अंगणात किंवा रिकाम्या खोलीत एक लहानसा कॉम्प्रेसर येतो, एक स्प्रे गन येते, आणि प्लायवुडच्या तुकड्यांची, एका बाजूने उघडी अशी पेटी उभी राहते. कारागीर तिला बूथ म्हणतात.

ही पेटी उभी राहते ती माणसाच्या रक्षणासाठी नव्हे, रंगाच्या रक्षणासाठी. ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला तरी सगळी मेहनत खरबरीत होते, आणि उन्हाळ्यात या मुलखात धुळीला तोटा नाही. म्हणून पहिला विचार सुचतो तो दार लावून घेण्याचा. पावसाळ्यात तर त्याला दुसरे कारण मिळते: हवा दमट असली की नायट्रोसेल्युलोजचा रंग, ज्याला बाजारात सर्रास ड्युको म्हणतात, वाळताना पांढुरका पडतो. तेव्हा खिडकी बंद, दार बंद, फटींत कापडाचे बोळे, आणि आत माणूस फवारा मारीत उभा. रंग सुरेख येतो. मात्र धूळ बाहेर ठेवण्यासाठी लावलेले दार वाफेला आत कोंडते, आणि घरगुती बूथचे जवळजवळ सारे अपघात या एका अदलाबदलीतून जन्म घेतात.

फवाऱ्याच्या या यंत्राचा इतिहास मोठा विनोदी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲलन डेव्हिलबिस नावाच्या एका डॉक्टराने रुग्णाच्या घशात औषध फवारण्याचे साधन बनविले. पुढे त्याच्या मुलाने तेच तत्त्व रंगाला लावले. घसा बरा करण्यासाठी जन्मलेली वस्तू घशाला अपाय करू लागली, हा दोष मात्र तिचा नव्हे. तिचे काम एकच: द्रवाचे इतके सूक्ष्म थेंब करणे की ते हवेवर तरंगावेत. त्यांतले काही वस्तूवर बसतात, बरेच हुकतात. थेंबांतला थिनर उडून वाफ होतो. थेंब गाळणीत अडकतात. वाफ साध्या गाळणीतून आरपार जाते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच नाकाला हातरुमाल बांधून निश्चिंत होणारे लोक भेटतात.

वाफ किती होते, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्याजोगा आहे. पुष्कळशा थिनरांत टोल्युइन असते. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडाले तर त्याची सुमारे २३० लिटर वाफ होते. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच अशा खोलीत साधारण २८ घनमीटर हवा मावते. त्या बंद खोलीत ही वाफ सारखी पसरली तर तिचे प्रमाण शेकडा ०.८ होईल, आणि शेकडा १.२ च्या आसपास तर ठिणगीची गाठ पडताच हवा पेट घेते. परंतु वाफ सारखी पसरत नाही. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून थोडी अधिक जड असल्यामुळे ती जमिनीलगत साचते, आणि तिथे ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली असू शकते. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमांप्रमाणे पेटण्याच्या मर्यादेच्या पाव हिश्श्याच्या खाली राहावे लागते. त्यासाठी या एका लिटरमागे ७५ ते ८० घनमीटर हवा हवी. ही झाली आगीची मागणी. फुप्फुसांची मागणी याहून फार मोठी आहे. आपल्याकडील १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांच्या पाळीसाठी टोल्युइनची मर्यादा दहा लाख भागांत १०० भाग अशी दिली होती. त्या मर्यादेत राहायचे तर त्याच एका लिटरला २,३०० घनमीटर हवा लागेल. म्हणजे तशा ऐंशीहून अधिक खोल्या. कारखान्याच्या भिंतीआड लागू असलेला तो कायदा क्वार्टरच्या अंगणात येत नव्हता, पण फुप्फुस दोन्हीकडे एकच असते.

येथे पंख्याचा प्रश्न येतो. बूथचे तोंड तीन फूट रुंद, दोन फूट उंच असेल, आणि त्यातून मिनिटाला १०० फूट वेगाने हवा आत जावी असा जुना, चांगला दंडक पाळायचा असेल, तर मिनिटाला ६०० घनफूट, म्हणजे तासाला सुमारे १,००० घनमीटर हवा ओढावी लागेल. तासाभरात एक लिटर थिनर उडविला तर बाहेर जाणाऱ्या या हवेतही वाफ दहा लाखांत २३० भाग राहील. म्हणजे एवढा पंखा लावूनही ती हवा श्वासात घेण्याच्या लायकीची होत नाही! मग पंख्याचा उपयोग काय? उपयोग असा, की ती हवा माणसाने घ्यायचीच नसते. स्वच्छ हवा माणसाच्या पाठीकडून यावी, त्याच्या खांद्यावरून वस्तूकडे जावी, वस्तूवरून मागच्या गाळणीत शिरावी, आणि तेथून बाहेर पडावी. आधी माणूस, मग वस्तू, मग गाळणी, मग आकाश, हा क्रम एकदा मोडला की पंखा कितीही मोठा असला तरी तो वाफ नाकाजवळूनच नेतो. छतातला पंखा हा या दृष्टीने सर्वांत वाईट. तो वाफेला वर खाली घुसळतो आणि बाहेर काहीच धाडत नाही.

हवा बाहेर काढायची तर तितकीच आत आली पाहिजे, ही गोष्ट इतकी उघड आहे की तीच विसरली जाते. दारे लावून चालविलेला एक्झॉस्ट पंखा नुसता घरघरतो. तेव्हा बूथच्या समोरच्या बाजूला, माणसाच्या पाठीमागे, बूथच्या तोंडाहून लहान नसलेली वाट हवेसाठी मोकळी हवी. धूळ नको असेल तर त्या वाटेवर जाळीत बसविलेली जाड कापडी गाळणी लावावी. जी धूळ दार लावून अडविली जात होती ती आता दार उघडे ठेवून अडविली जाते. एवढे एक समजले की बूथचे निम्मे काम झाले. अर्थात पावसाळी दमट हवेवर गाळणी हा उपाय नव्हे. त्या दिवशी ड्युकोचे काम उद्यावर टाकणेच बरे. खिडकीतल्या कूलरची हवा मात्र या वाटेने कदापि घेऊ नये. ती थंड लागते खरी, परंतु पाणी पिऊन आलेली असते, आणि तिने रंग भर उन्हाळ्यातही पांढुरका पडेल.

पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. गाळणी, पत्र्याची नळी, दोन वळणे यांनी तो निम्म्यावरही येऊ शकतो. म्हणून पंखा हिशेबाहून मोठा घ्यावा, आणि नळी आखूड, सरळ व पत्र्याची असावी. प्लास्टिकच्या नळीत स्थिर विद्युत साठते. याच कारणाने स्प्रे गन आणि रंगवायची धातूची वस्तू यांना अर्थिंग देण्याची रीत आहे. खरा धोका मात्र मोटारीचा. सामान्य पंख्याची मोटार वाफेच्या प्रवाहातच बसलेली असते, आणि तिच्यात ब्रश किंवा स्विच असेल तर ठिणगी ही तिच्या पोटातली गोष्ट. मोटार फ्लेमप्रूफ तरी असावी, किंवा नळीच्या बाहेर ठेवून पट्ट्याने पाती फिरवावीत. काही चतुर माणसे उलटा मार्ग काढतात: पंखा स्वच्छ बाजूला ठेवून हवा आत ढकलतात. मोटार वाचते हे खरे, परंतु हवेचा लोट माणसाच्या पाठीवर आदळून त्याच्या छातीपुढे भोवरा होतो आणि फवारा तोंडावर परततो. शिवाय दाबामुळे वाफ फटींतून घरात शिरते. भिंतीला लागून असलेल्या खोलीत हा उपाय नको.

घर आणि बूथ यांतले अंतर हा भिलाईसारख्या गावात विशेष विचाराचा विषय आहे. टोल्युइन ४ अंश सेल्सियसलाच पेटण्याजोगी वाफ सोडू लागते. म्हणजे डिसेंबरातल्या पहाटेही सूट नाही. झायलिन त्यामानाने सोशिक, पंचवीस ते तीस अंशांपर्यंत थांबणारे. पण मे महिन्यात पारा चव्वेचाळिसावर गेला की त्याचाही सोशिकपणा संपतो. आणि जड वाफ उंबऱ्याखालून सरपटत जाते. मागल्या खोलीतून स्वयंपाकघर किती दूर असते? गॅसची शेगडी, देवघरातली समई, फ्रिजचा आपोआप चालू होणारा स्विच, यांपैकी एकानेही तिची वाट पाहिलेली पुरते.

वाफेला वास येतो, तेव्हा धोका कळेलच, असा भरवसा अनेकांना वाटतो. या गावाला बिनवासाच्या वायूची ओळख फार दुःखद रीतीने झाली आहे. १२ जून २०१४ रोजी पोलाद कारखान्यातील पाण्याच्या पंपगृहाच्या परिसरात कार्बन मोनॉक्साइड पसरून सहा जणांचा मृत्यू झाला. थिनर तसा नाही. तो आपण होऊन नाव सांगतो. परंतु नाक काही वेळाने ते नाव ऐकेनासे होते. दहा मिनिटांपूर्वी असह्य वाटलेला वास नाहीसा झाला तो हवा शुद्ध झाली म्हणून नव्हे, तर नाक थकले म्हणून. डोके हलके होणे, उगाच हसू येणे, हात जड पडणे ही त्यापुढची पायरी. तेथे गन ठेवून बाहेर पडावे.

दोन डब्यांतून मिसळून वापरावयाच्या पॉलियुरेथेन रंगांची गोष्ट याहून निराळी आहे. त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने एखाद्याला दमा जडला, तर पुढे अत्यल्प मात्रेनेही तो उसळू शकतो, आणि त्याचा वास धोक्याची सूचना वेळेवर देत नाही. कारखान्यांत त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा वापरतात. घरगुती बूथमध्ये हे रंग मारूच नयेत. इतर रंगांसाठी सक्रिय कोळशाच्या डब्या असलेला मुखवटा घ्यावा; तो दाढीवर घट्ट बसत नाही, आणि डब्या काही काळाने निकामी होतात. मुखवटा हा पंख्याचा सोबती आहे, बदली नव्हे. गणपतीच्या दिवसांत दुर्गजवळच्या थनौदला किंवा आपल्या पेणला मूर्तींवर पाण्यात कालवलेला रंग फवारला जातो तेव्हा आगीचे भय उरत नाही. रंगाचा धुरळा मात्र उरतोच, आणि त्याला गाळणी हवीच.

त्या गाळणीकडेही लक्ष असावे. ड्युकोचा वाळलेला भुरा अतिशय ज्वालाग्राही असतो, आणि तेलरंगाच्या अवशेषात मिसळला तर पडल्यापडल्या तापून पेटू शकतो. म्हणून एका बूथमध्ये दोन्ही जातींचे रंग मारणे टाळावे, आणि उतरविलेली गाळणी घरातल्या केराच्या टोपलीत न टाकता पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, अंगणात ठेवावी. नळीचे तोंड छपराच्या वर काढावे. शेजारच्या क्वार्टरचा कूलर कोणत्या खिडकीत आहे ते आधी पाहून घ्यावे. तासाभरात शेकडो घनमीटर हवा तोही ओढीत असतो, आणि शेजारच्या पाळण्यापर्यंत ती पोचवीत असतो.

बूथ तयार झाल्यावर तो पारखण्यास एक उदबत्ती पुरते. पंखा चालू करून, थिनरचा डबा अजून घराबाहेर बंदच असताना, पेटलेली उदबत्ती बूथच्या तोंडाशी चारी कोपऱ्यांत धरावी. मग रंगारी जेथे उभा राहणार तेथे दुसऱ्या कोणाला उभे करून त्याच्या छातीपुढे धरावी. धूर न रेंगाळता गाळणीकडे गेला तर वाट बरोबर आहे. कोठे घुटमळला, मागे फिरला, तर मागची वाट रुंद करावी किंवा बूथचे तोंड लहान करावे. नंतर उदबत्ती पाण्यात बुडवून विझवावी आणि मगच डबा आणावा. काम संपल्यावर पंखा लगेच बंद करू नये. गन खाली ठेवली तरी रंगातला थिनर उडतच असतो, आणि रंगविलेली टाकी बोटाला चिकटेनाशी होईपर्यंत तो पंखा चालूच राहावा लागतो.