शेवटच्या घटकेची सेवा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिन हा आनंदाचा दिवस. अशा दिवशी मरणाचं काय काढलंय, असं काहींना वाटेल. पण किसा गोतमीची गोष्ट आपण मुलांना सांगतो ना? मरण न पाहिलेले घर तिला सापडले नाही. आपल्या चाळीतही सापडणार नाही. पूर्वी माणूस घरात, आपल्या माणसांच्या मांडीवर जात असे. आता पुष्कळदा तो आय.सी.यू.मध्ये काचेच्या दाराआड जातो आणि आपण बाहेर जिन्यावर बसलेलो असतो. त्या दाराआड शेवटच्या घटकेला त्याच्याजवळ कोण असते? परिचारिका असते. आपण तिला सिस्टर म्हणतो. आज तिच्याविषयी दोन शब्द बोलायचे आहेत.

आमच्या खात्यातला एक जोडीदार होता. कापसाच्या तुसाने छाती गेलेली. एके रात्री श्वास लागला, दवाखान्यात नेला, व्हेंटिलेटर लावला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आशा नाही म्हणून सांगितले. पण आम्ही ऐकतो कशाला! कामगारांचा घोळका घेऊन उभे राहिलो. "साहेब, काय वाट्टेल ते करा, पण माणूस वाचवा." नऊ दिवस यंत्र चालले. नळी ओढून काढू नये म्हणून त्याचे हात पट्टीने खाटेला बांधले होते. ते का बांधले, हे आम्हांला कुणी समजावले नाही. त्याची बायको रोज दहा मिनिटे आत जाई आणि वायरी बघून, त्याला हातसुद्धा न लावता, बाहेर येई.

नवव्या दिवशी दुपारी ती म्हणाली, त्यांच्या तोंडात चमचाभर पाणी घालते. सिस्टरने घालू दिले नाही. आम्ही त्या बाईला नाही नाही ते बोललो. रात्री तो गेला. तीच सिस्टर बाहेर आली आणि वहिनींना म्हणाली, "शेवटी हात सोडले होते त्यांचे. मी धरून बसले होते."

आमच्या माना खाली गेल्या. पण त्या बाईची माफी आम्ही मागितली नाही. आज तुमच्या सर्वांसमोर मागतो.

पुढे आपल्याच वस्तीतल्या, नर्सिंग केलेल्या मुलींना आम्ही विचारले, की बाई गं, आशा संपल्यावर तुम्ही आत करता तरी काय? तेव्हा कळले, औषध थांबले तरी सेवा थांबत नाही. बेडसोर होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची. ओल्या कापसाने तोंड, जीभ, ओठ पुसायचे. डोळे मिटत नसतील तर ते कोरडे पडू द्यायचे नाहीत. मलमूत्र साफ करायचे, आणि तेही पडदा ओढून, कारण बेशुद्ध माणसालाही अब्रू असते. गिळण्याची शक्ती गेली की पाणी फुप्फुसात उतरते, म्हणून चमचा नको, ओठ ओले करायचे. घशात घरघर लागली की आपण घाबरतो. सिस्टर डोके उंच करते, कुशीवर वळवते. दम लागतो, वेदना होतात, त्यासाठी डॉक्टरांच्या सांगण्याने मॉर्फिन देते. आणि बोलते. "काका, कूस बदलते हं." २०२० साली कॅनडातील संशोधकांनी दाखवून दिले, की शेवटच्या तासांत प्रतिसाद न देणाऱ्या काही रोग्यांचा मेंदूही आवाजाला साद देतो. तेव्हा उशाशी उभे राहून बिलाचे बोलू नका. नाव घेऊन हाक मारा.

बंधूंनो, आपल्या बापजाद्यांना गिरणीच्या विणकाम खात्यात घेत नसत. का? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या थुंकीचा विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. आणि इथे ही पोरगी, कुणाची कोण, आपल्या बापाची लाळ पुसते, नळीने कफ ओढून काढते, आणि जात विचारत नाही. माणूस म्हणून वागवणे याहून वेगळे काय असते?

विनयपिटकात प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता. कुणी जवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग आजाऱ्याची सेवा तीच माझी सेवा, अशा अर्थाचा उपदेश संघाला केला. त्या भिक्खूच्या जागी आपला जोडीदार, आणि आनंदाच्या जागी ती सिस्टर. आम्ही तर असेच पाहतो.

आता आपण काय करायचे? एका माणसाला किती साचे, यावर गिरणी कामगारांनी संप केले. मग एका सिस्टरकडे व्हेंटिलेटरचे किती रोगी, हे विचारायला नको? एकास एक असावी, असे मानले जाते. ती धावत असेल तर तिच्यावर ओरडू नका. जादा माणसे मागायला व्यवस्थापनाकडे जा. आशा नसेल तेव्हा घरच्यांना जास्त वेळ आत सोडा, अशी मागणी करा. आणि आत गेलात की भिऊ नका, सिस्टरला विचारून हात धरा.

दुसरे, घरात बोलून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. बरे होण्याची आशा नसेल तर यंत्रावर ठेवू नका, असे शुद्धीत असताना लिहून ठेवता येते. २०२३ साली ही रीत सोपी झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करायची. कागद नसला तरी डॉक्टरांची दोन मंडळे घरच्यांच्या संमतीने निर्णय घेऊ शकतात. हे मारणे नव्हे. यंत्र थांबते, सेवा चालूच राहते.

आम्ही आमचा कागद करून ठेवला आहे. घरी मुलांना सांगितले आहे, घोळका आणू नका. एकाने आत या, हात धरा आणि त्या सिस्टरला जयभीम करा.