टाळी आणि यंत्र

मनांत सोळा मात्रा सारख्या मोजा आणि पहिल्या, चवथ्या, सातव्या, अकराव्या व तेराव्या मात्रेवर टाळी द्या. हा 'क्लावे'; क्यूबाच्या नृत्यसंगीताचा कणा. त्यांतलीं अंतरें विषम आहेत. उलट, 'हाउस' नामक यंत्रसंगीतांत ठोका दर चार मात्रांनीं, घड्याळासारखा पडतो. दोघांची गांठ पडते ती पहिल्या व तेराव्या मात्रेवर. एरवीं सारी ओढाताण. पण नर्तकाचें पाऊल उचललें जातें तें ह्या ओढाताणीमुळेंच.

हें मर्म जाणणारे लुई व्हेगा १९६५ सालीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत जन्मले. वडील सॅक्सोफोनवादक, मामा हेक्टर लावो साल्साचे नामांकित गायक. भाच्यानें मात्र तबकड्या हातीं घेतल्या आणि तो नृत्यगृहांतला 'डीजे' झाला. यंत्र आलें कीं वादकाच्या पोटावर पाय येणार, ही भीति खोटी नव्हती. एकच यंत्र साऱ्या ताफ्याचें काम करूं शकतें. परंतु व्हेगा व त्यांचे सहकारी केनी गोन्झालेझ यांनीं १९९७ च्या 'न्यूयोरिकन सोल' ह्या संग्रहासाठीं पियानोवादक एडी पाल्मिएरी आणि सत्तरी ओलांडलेले तिंबालेवादक टीटो पुएन्ते यांना पाचारण केलें. यंत्रानें ठेका धरला. माणसांनीं त्यांत प्राण ओतला.

पुएन्ते २००० सालीं निवर्तले. वडीलधाऱ्यांची विद्या तबकडींत उरते हें खरें. पण ते हयात असतां त्यांस नव्या मैफलींत मानाची जागा देणें, हें त्याहून मोठें काम होय.