कारखान्याचे दार आणि वालधुनीचा हिशेब

(अंबरनाथ येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



मी अर्थशास्त्राचा निवृत्त अध्यापक; रसायनशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच. परंतु आजच्या विषयात रसायनाइतकाच हिशेबही आहे.

प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात थॅलेट जातीची तेलकट द्रव्ये मिसळतात. ती प्लास्टिकच्या रेणूंशी जखडलेली नसल्यामुळे पाण्यात झिरपतात. त्यांतील काही शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करतात. जिवाणूंवर चालणाऱ्या नेहमीच्या शुद्धीकरणात त्यांतील जड द्रव्ये बरीचशी गाळाला चिकटतात; नष्ट होतातच असे नाही.

१९७२ साली फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन घडविले. ही रंगात वापरली जाणारी पांढरी भुकटी. अतिनील किरण पडताच तिच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात व ती थॅलेटचे रेणू तोडीत जातात. भुकटी खर्ची पडत नाही. ऐकणाऱ्यास वाटावे, प्रश्न सुटला!

पण ही मूलके निवड करीत नाहीत. क्षार, रंग, इतर सेंद्रिय द्रव्ये, जे समोर येईल त्यावर ती खर्च होतात. गढूळ पाण्यात किरण शिरत नाहीत. सूर्यप्रकाशाचा जेमतेम ४-५ टक्के भागच या भुकटीला चालतो. पुढे दिवे, म्हणजे विजेचे बिल. तेव्हा शेकडो कारखान्यांचे पाणी एकत्र करून त्यावर हा प्रयोग करणे म्हणजे अपव्यय. त्याची जागा कारखान्याच्या दारात. तेथे प्रवाह लहान असतो आणि त्यात काय आहे हे मालकास ठाऊक असते.

आणि दारातला खर्च मालकाचा, नाल्यातला समाजाचा! अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीने तो किती सोसला. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात तिच्या पात्रात रासायनिक कचरा ओतला गेला. विषारी वायूने शेकडो रहिवासी रुग्णालयात गेले. २०१५ मध्ये 'वनशक्ती'च्या अर्जावर हरित न्यायाधिकरणाने उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सामुदायिक शुद्धीकरण केंद्रे व स्थानिक संस्थांना मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड सुनावला. पालिकेचा दंड म्हणजे अखेर करदात्याचाच पैसा. नाक धरून झोपणाऱ्यानेच तो भरायचा.

एका खोलीत यंत्र चालविणारा लहान कारखानदार हा खर्च कसा पेलणार, हा आक्षेप खोटा नाही. एकाच प्रकारच्या चार-सहा कारखान्यांनी सहकारी तत्त्वावर, पाणी इतरांत मिसळण्यापूर्वी ही सोय करावी आणि आकार पाण्याच्या घनफळावर न लावता त्यातील विषावर लावावा.

त्यासाठी नाल्यात काय सोडले जाते हे प्रथम कळले पाहिजे. ते पिंप उचलणाऱ्या कामगाराइतके कोणालाच ठाऊक नसते. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या साथींनी पुढील बैठकीला येताना आपापल्या कारखान्यातील पिंपांवरची नावे उतरवून आणावीत.