धीर कोणता, दिरंगाई कोणती?



जयपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही या व्यासपीठावरून मी आज खोल समुद्रातल्या तेलविहिरींविषयी बोलणार आहे, कारण त्या कहाणीचा एक धागा राजस्थानातून जातो. ब्रिटनच्या केर्न एनर्जी कंपनीला जानेवारी २००४ मध्ये बाडमेरला मंगला तेलक्षेत्र सापडले. याच केर्नने २००५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या काकीनाड्यासमोरच्या खोल समुद्रातल्या एका ब्लॉकमधला, म्हणजे तेल शोधण्यासाठी आखून दिलेल्या पट्ट्यातला, ९० टक्के हिस्सा आपल्या ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीला विकला. मंगलाचे तेल ऑगस्ट २००९ मध्ये वाहू लागले. काकीनाड्यासमोरच्या त्या ब्लॉकमधून पहिले तेल आले ७ जानेवारी २०२४ रोजी. एकीकडे साडेपाच वर्षे, दुसरीकडे जवळपास एकोणीस. मोठ्या कामाला लागलेल्या वेळेला धीर कधी म्हणायचे आणि दिरंगाई कधी, हा प्रश्न या दोन आकड्यांमुळे पडतो. माझे म्हणणे असे की, उत्तर वर्षे मोजून मिळत नाही. त्या वर्षांत काय शिकलो, हे पाहून मिळते.

समुद्रातल्या आपल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राचेच उदाहरण घ्या. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर विहीर खोदली आणि १९ फेब्रुवारी १९७४ रोजी तिला तेल लागले. २१ मे १९७६ पासून उत्पादन सुरू झाले, म्हणजे अवघ्या सव्वादोन वर्षांत. जगभर तेलाचे भाव भडकलेले असताना मिळालेले हे यश देशाला इतके मोलाचे वाटले की, पुढे एक रुपयाच्या नोटेवर ‘सागर सम्राट’चे चित्र छापले गेले. पण ही सव्वादोन वर्षे पाहताना त्याआधीची दहा वर्षे नजरेआड होतात. त्या समुद्रतळाखालच्या खडकांची भूकंपलहरींनी पाहणी साठच्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या मदतीने झाली होती. खंबातच्या आखातात अलियाबेटजवळ ओएनजीसीने १९७० मध्येच समुद्रातली पहिली विहीर खोदून हात बसवून घेतला होता. आधीचा अभ्यास पक्का होता, म्हणून पुढचे काम वेगाने झाले.

शिवाय बॉम्बे हायला पाण्याची खोली साधारण ७५ मीटर. तिथे रिग समुद्रतळावर पाय रोवून उभी राहते. पाणी शेकडो, हजारो मीटर खोल असले की पाय टेकायची सोयच उरत नाही. मग ड्रिलशिपला, म्हणजे विहीर खोदणाऱ्या जहाजाला, वारा-लाटांशी झुंजत, उपग्रहांवरून आपली जागा तपासत आणि स्वतःचे पंखे फिरवत एकाच बिंदूवर तरंगत राहावे लागते. विहिरीचे तोंड समुद्रतळावर असते. तिथे पाणबुड्या पोचू शकत नाही. झडप फिरवायची तरी दुरून चालवलेल्या यंत्राचा हात लागतो. काकीनाड्याच्या तेलात मेणही भरपूर. तळाच्या थंड पाण्यात ते नळीतच थिजू नये म्हणून एका नळीत दुसरी नळी बसवून तेलाची ऊब टिकवावी लागली. बाडमेरचे तेलही असेच मेणाचे. ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत नेणारी पाइपलाइन वाटेत सगळीकडे तापती ठेवावी लागते. जमिनीवर, हाताशी असलेल्या तेलालाही साडेपाच वर्षे लागली, हे इथे ध्यानात घ्यावे.

आता कोणी म्हणेल, हे सरकारी कंपनीच्या ढिलाईवर पांघरूण घालणे झाले. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. काकीनाड्याच्या प्रकल्पाचे वेळापत्रक पुन्हा पुन्हा पुढे ढकलले गेले, आणि त्याचा सगळा दोष समुद्राच्या माथी मारता येणार नाही. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो. उशिराची किंमत परकीय चलनात मोजावी लागते. म्हणूनच कसोटी हवी. वर्ष सरताना नवी मोजणी, नवा नकाशा, चुकीची ठरलेली एखादी समजूत, यांपैकी काही हाती पडले असेल तर तो धीर. नुसतीच फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली असेल तर ती दिरंगाई.

दुसरा आक्षेप नशिबाचा. बाडमेरच्या ब्लॉकमधून शेल कंपनी २००२ मध्ये बाहेर पडली, केर्न राहिली आणि दोनच वर्षांत तिला घबाड मिळाले. मग हे दैवच नाही का? दैवाचा वाटा मी नाकारत नाही. पण जमीन तीच होती आणि तोवरच्या विहिरींची माहितीही बरीचशी तीच होती. फरक पडला तो ती माहिती पुन्हा वाचण्याने आणि पुन्हा खोदण्याने. आणि ज्यांना घाई हाच उपाय वाटतो, त्यांनी मेक्सिकोच्या आखाताकडे पाहावे. २० एप्रिल २०१० रोजी तिथे ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर स्फोट झाला, ११ माणसे गेली आणि विहिरीतून वाहणारे तेल थांबवायला ८७ दिवस लागले. ते काम वेळापत्रकाच्या मागे पडलेले होते, आणि वेळ व पैसा वाचवणाऱ्या अनेक निर्णयांनी धोका वाढवला, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाने नोंदवले आहे.

तेलाचे युग संपत आलेय, मग हे आम्हाला कशाला, असेही तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. समुद्रातल्या पवनचक्क्यांनाही हाच तळ, हेच वारे आणि हेच गंजणारे लोखंड सांभाळायचे आहे. इंधन बदलले तरी ही विद्या वाया जाणारी नाही.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षा, संशोधन, व्यवसाय, कशातही तुम्हाला उशीर होईल. तेव्हा स्वतःला दोष देण्याआधी किंवा स्वतःची समजूत घालण्याआधी गेल्या वर्षभरात काय नवे कळले, ते कागदावर लिहून काढा. कागद भरला तर नेटाने पुढे चला. कोरा राहिला तर त्याच दिवशी कामाची रीत बदला.