कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा आणि विद्यापीठातील त्याचे अध्ययन
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून हा मुंबई-बंगळूरच्या मंडळींचा विषय, पातूरसारख्या तालुक्याच्या गावी त्याचे काय प्रयोजन, असा प्रश्न अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेला एक निकाल वाचला म्हणजे हे अंतर फारसे उरत नाही.

केएमजी वायर्स या कंपनीने आपल्या प्राप्तिकर विवरणपत्रात सुमारे ३ कोटी ९ लाख रुपयांचे उत्पन्न दाखविले होते. आकारणी आदेशात ते सुमारे २७ कोटी ९१ लाख रुपये ठरविण्यात आले आणि त्याच्या समर्थनार्थ तीन न्यायनिर्णयांचा हवाला देण्यात आला. शोध घेता असे आढळले की त्या तिन्ही निर्णयांना अस्तित्वच नाही! शिवाय माल पुरविणाऱ्या व्यापाऱ्याने नोटिशीला दिलेले उत्तरही विचारात घेतले गेले नव्हते. न्यायमूर्ती कोलाबावाला आणि न्यायमूर्ती जामसंडेकर यांच्या खंडपीठाने तो आदेश रद्द करून प्रकरण नव्याने सुनावणीसाठी परत पाठविले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या युगात यंत्राने पुढे केलेल्या उत्तरावर विसंबण्याची प्रवृत्ती वाढत असली, तरी न्यायसदृश अधिकार वापरणाऱ्याने ते पडताळून पाहिल्याविना वापरू नये, अशा आशयाची समज न्यायालयाने दिली.

येथे जमलेल्या व्यापारी बांधवांनी या प्रकरणाचा बारकाईने विचार करावा. सांप्रत प्राप्तिकराची आकारणी बहुतांशी चेहराविरहित पद्धतीने होते. नोटीस संगणकावर येते, उत्तर संगणकावरून जाते, आणि अधिकारी कोण व कोणत्या शहरी बसला आहे हे करदात्यास कळत नाही. या पद्धतीचे लाभ आहेतच. कचेरीच्या खेपा वाचल्या हे कोणीही नाकारणार नाही. तथापि उपरोक्त कंपनीपाशी उच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ होते. पातूर, बाळापूर वा बार्शीटाकळीच्या एखाद्या लहान दुकानदारास असाच आदेश आला, तर त्यात उद्धृत केलेला निकाल खरोखर अस्तित्वात आहे काय, हे तपासून पाहणारा मनुष्य त्याला कोठे मिळणार? कापडाचा तागा उलगडून पाहिल्याविना कोणी विकत घेत नाही. न्यायनिर्णयांच्या बाबतीत मात्र छापील अक्षर दिसले की विश्वास ठेवण्याची सवय सर्वांनाच जडलेली आहे.

विश्वस्तांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये एका ट्रस्टच्याच प्रकरणात दिलेला आदेश, त्यात अस्तित्वात नसलेले निकाल उद्धृत झाल्यामुळे, काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. अमेरिकेत न्यूयॉर्क येथे जून २०२३ मध्ये वकिलांना असल्याच बनावट दाखल्यांबद्दल ५,००० डॉलर दंड झाला. ही चूक म्हणजे केवळ एखाद्या आळशी कारकुनाची चूक नव्हे. अशी यंत्रे शब्दामागून कोणता शब्द येणे संभवनीय आहे याचा हिशेब करून मजकूर रचतात. मजकूर सत्य आहे की नाही, हे त्या हिशेबात आपोआप येत नाही. म्हणूनच खोटा दाखलाही खऱ्यासारखा डौलदार दिसतो.

हा धोका ज्यांनी जाहीरपणे मांडला, त्यांत अमरावतीचे सुपुत्र न्यायमूर्ती भूषण गवई हे अग्रभागी होते. अमरावतीतच कायद्याचे शिक्षण घेऊन १९८५ मध्ये वकिलीस आरंभ करणारे गवईसाहेब २०२५ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. तत्पूर्वी मार्च २०२५ मध्ये केनियातील परिषदेत बोलताना त्यांनी बनावट दाखल्यांचा उल्लेख केला आणि मानवी भावना व नैतिक विवेक नसलेल्या यंत्रास वादाची गुंतागुंत खरोखर उमजेल काय, हा प्रश्न उपस्थित केला. वऱ्हाडच्या विद्यार्थ्याने या विषयाकडे परका म्हणून पाहण्याचे कारण नाही.

आता या अध्ययनात नेमके काय शिकावयाचे? यंत्र कसे बनवावे, हे नव्हे. यंत्राच्या बोलण्याचा वा निर्णयाचा भार कोणी वाहावा, हा या विद्येचा गाभा आहे. कॅनडात एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील संभाषण-यंत्राने एका प्रवाशास सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. यंत्राच्या उत्तराला आम्ही जबाबदार नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील न्यायाधिकरणाने तो अमान्य करून प्रवाशाला भरपाई देवविली. मुनीम पेढीच्या वतीने शब्द देतो तेव्हा पेढी बांधली जाते, हे व्यापाऱ्याला नव्याने सांगावे लागत नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात मालक व अभिकर्ता यांचे स्वतंत्र प्रकरणच आहे. परंतु यंत्राला अभिकर्ता म्हणता येईल काय? ते ना सज्ञान, ना अज्ञान. असे प्रश्न जुन्या कायद्याच्या कसोटीवर घासून पाहणे, हेच या शाखेतील खरे अध्ययन होय.

महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. उद्या कपाशी केव्हा लावावी, फवारणी कोणती करावी, याचा सल्ला शेतकऱ्यास भ्रमणध्वनीवर मिळू लागेल. तो सल्ला चुकून पेरणी वाया गेली, तर दाद शासनाकडे मागावी, यंत्र बनविणाऱ्या कंपनीकडे की माहिती पुरविणाऱ्याकडे? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तेथे लागू पडेल काय? ज्या गावाची बाजारपेठ शेतकऱ्याच्या हंगामावर चालते, त्या गावाने हा प्रश्न दुसऱ्यांवर सोपवून चालणार नाही.

भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र अधिनियम नाही. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे. युरोपीय संघाने मात्र स्वतंत्र कायदा केला असून तो १ ऑगस्ट २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला. त्यातील सर्वांत मोठा दंड साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जो अधिक असेल तो, इतका आहे. आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रांविरुद्ध आशा भोसले यांना मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अंतरिम संरक्षण दिले, तेही अशा स्वतंत्र कायद्याविना.

भाषेचाही एक पैलू आहे. सर्वोच्च न्यायालयाने निकालांच्या भाषांतरासाठी २०१९ मध्ये ‘सुवास’ ही प्रणाली सुरू केली. त्यावेळी नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे सरन्यायाधीश होते. इंग्रजीतील ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपिलास अनुमती. यंत्राने त्याचा अर्थ ‘रजा मिळाली’ असा करावा, ही शक्यता केवळ विनोदाची नाही. मराठी आणि कायदा ही दोन्ही उत्तम जाणणाऱ्या तपासनिसांची गरज पुढे वाढणार आहे.

हल्ली काही आठवड्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्याचे प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती पुष्कळ दिसतात. पालकांनी त्यांच्या चकचकीतपणाला भुलू नये. करार, पुरावा, संविधान आणि करविषयक कायदा यांचा पाया पक्का झाल्यावरच हा विषय पचनी पडतो. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३, जे १ जुलै २०२४ पासून अमलात आले, त्यानुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत कोणते प्रमाणपत्र जोडावे लागते, एवढे जरी विद्यार्थ्याने नीट अभ्यासले, तरी तालुका न्यायालयात त्याचा उपयोग पहिल्याच वर्षी होईल.

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम करता येतो. बी. कॉम. झालेल्या मुलांसाठी दुसरा मार्ग सोयीचा, आणि हिशेबाची जाण ही त्यांची जमेची बाजू. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रात अकोला व अमरावती येथे विधी महाविद्यालये आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी अखिल भारतीय क्लॅट परीक्षा द्यावी लागते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला खुल्या प्रवर्गातून पदवीला ४५ टक्के गुण पुरतात आणि कमाल वयाची अट नाही. त्यामुळे पदवी घेऊन विवाहानंतर घर सांभाळणाऱ्या सुना किंवा दुकान पाहणारे चाळिशीतील गृहस्थही अर्ज करू शकतात. राज्याच्या प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही असते.