कष्टकऱ्यांचे ताट आणि तालीम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



‘शरीर कमावणे’ हा वाक्प्रचार मराठीत जुना आहे. ज्याची रोजची कमाईच तुटपुंजी, त्याने शरीर कशाच्या बळावर कमवावे, हा प्रश्न मात्र त्या वाक्प्रचाराने कधी विचारला नाही. बाजाराने त्याचे उत्तर परस्पर देऊन टाकले आहे. कामगारवस्तीच्या तोंडाशी काचेच्या दाराची ‘जिम’, तिच्या फळीवर प्रथिनांच्या पावडरीचे डबे, आणि पगारातला मोठा हिस्सा त्या डब्यावर खर्चून घरी चहा-बटरवर सकाळ काढणारा विशीतला तरुण, हे चित्र आज अनेक शहरांत दिसते. त्या तरुणाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु शरीर सुदृढ असावे ही त्याची इच्छा रास्तच आहे. फसवणूक आहे ती सुदृढता डब्यातून विकत आणावी लागते या समजुतीत.

ही समजूत एकट्या बाजाराने निर्माण केलेली नाही. एके काळी शास्त्रज्ञांनीच तिला खतपाणी घातले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या ‘प्रथिन-संकटा’विषयी अहवाल प्रसिद्ध केला. गरीब देशांतील जनतेच्या आहारात प्रथिने नाहीत, हेच तिच्या कृशतेचे कारण होय, असे निदान त्या काळी रूढ झाले आणि पिठांत प्रथिने मिसळण्याच्या, माशांची भुकटी करण्याच्या योजना निघाल्या. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या साऱ्या खटाटोपाची गणना मोठ्या फजितीत केली. मराठी वाचकाला अधिक जवळचे नाव आहे ते डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांचे प्रतिपादन असे की, भारतीय माणूस जे धान्य आणि जी डाळ खातो, ती पोटभर खाल्ली तर त्यातूनच त्याला पुरेशी प्रथिने मिळतात. पोटच भरले नाही तर खाल्लेली प्रथिनेही शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. उणीव अन्नाच्या प्रकारात नाही, प्रमाणात आहे. म्हणजेच ती खिशात आहे.

हे केवळ तत्त्व म्हणून सांगून भागणार नाही. हिशेब मांडून पाहावा. दिवसभरात एका माणसाने ४०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या, तर त्यातून सुमारे ४० ग्रॅम प्रथिने आणि १४०० उष्मांक मिळतात. साठ ग्रॅम मटकीची उसळ १४ ग्रॅम प्रथिने व २०० उष्मांक देते. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम, शेंगदाण्याचे कूट किंवा चटणी १२ ग्रॅम प्रथिने आणि २८० उष्मांक देते. फोडणीचे तेल २५ ग्रॅम धरले, तर आणखी सव्वादोनशे उष्मांक. बेरीज झाली ६६ ग्रॅम प्रथिने आणि २१०० उष्मांक. ६५ किलो वजनाच्या, मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला, प्रामुख्याने धान्यातून येणारी प्रथिने कमी प्रतीची धरली तरी, दर किलो वजनामागे एक ग्रॅम म्हणजे ६५ ग्रॅम प्रथिने पुरतात. उष्मांक मात्र त्याला सुमारे २७०० लागतात. डबा न आणता प्रथिनांचा हिशेब पुरा झाला, पण आणखी दीड-दोन भाकऱ्यांची भूक अजून शिल्लकच आहे! या माणसाला पावडर विकणे म्हणजे तहानलेल्याला मीठ विकण्यासारखेच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनातही शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी घेऊ नयेत असाच सल्ला आहे. एका किलो पावडरीच्या किमतीत दहा किलोंहून अधिक शेंगदाणे येतात, हे मात्र कोणत्याही जाहिरातीत आढळणार नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सुखात्मे यांनीच पुढे असेही मांडले की, माणसाचे शरीर कमी आहाराशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, सबब उपाशी गणल्या जाणाऱ्यांची संख्या फुगलेली आहे. यावर प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९८०च्या दशकाच्या प्रारंभी कडाडून हरकत घेतली. हे तेच दांडेकर, ज्यांनी १९७१ साली नीलकंठ रथ यांच्यासमवेत दिवसाला २२५० उष्मांक हा दारिद्र्याचा मापदंड मांडला. शरीर जुळवून घेते हे खरे, पण ते कशाच्या बदल्यात? कमी काम, कमी उंची, कमी वजनाचे मूल यांच्या बदल्यात. गरिबाला काटकसरीच्या पाककृती शिकवायला निघालेल्या कार्यकर्त्याने हा वाद विसरू नये. एका मर्यादेच्या खाली कोणतीही पाककृती चालत नाही.

ती मर्यादा शिधापत्रिकेवरच वाचता येते. २०१३ सालच्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास महिन्याला पाच किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच किलोंना तीस दिवसांनी भागले की येतात १६७ ग्रॅम. वर मांडलेल्या कष्टकऱ्याच्या गरजेचा हा जेमतेम पाचवा हिस्सा. त्यात डाळ नाही, तेल नाही. ज्वारी-बाजरी हे येथल्या कोरडवाहू जमिनीचे धान्य. पण शिधावाटपात वर्षानुवर्षे गहू-तांदूळच आले, आणि आज बाजारात ज्वारी गव्हाहून महाग झाली आहे. म्हणून भाकरीचा फाजील अभिमान बाळगून रेशनचा गहू हिणवण्याचेही कारण नाही. प्रथिनांत गहू ज्वारीला हार जात नाही. डाळ आणि तेल रेशनवर मिळवणे, हा खरा लढ्याचा मुद्दा आहे.

तोवर हाती असलेल्या पैशात जे करता येते, ते थोडे नाही. सफरचंदाच्या एका फोडीसाठी गरीब आई पोटाला चिमटा घेते. वस्तुतः ‘क’ जीवनसत्त्वात पेरू आणि आवळा सफरचंदाला कोठल्या कोठे मागे टाकतात. शेवग्याच्या पाल्यात, नाचणीत दुधाहून कितीतरी अधिक चुना असतो. शेवग्याचे झाड नाल्याच्या काठीही वाढते. पावसाळ्यात टाकळा, घोळ, तांदुळजा रानोमाळ उगवतात. किनाऱ्यावर जवळा-सुकट आहेच. मटकीला मोड आणले, पानात लिंबाची फोड ठेवली आणि जेवणाला लागून येणारा चहा तासभर पुढे ढकलला, तर खाल्लेल्या धान्यातले लोह अंगी अधिक लागते. याला दमडीही जास्त पडत नाही.

पण हे लोह कोणाच्या अंगी लागायचे? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. कालवणातल्या फोडी आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात, आणि घरधनिणीच्या वाट्याला तळाचा रस्सा ही पद्धत अनेक घरांत आहे. त्यात कार्यकर्त्यांची घरेही आली. घरचे अंदाजपत्रक तुटीचे असते तेव्हा ती तूट एकाच व्यक्तीच्या ताटात घातली जाते, आणि तिला आपण त्याग म्हणून मोकळे होतो. सर्वांनी एकत्र जेवायला बसावे, एवढ्या साध्या सुधारणेला सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही.

स्वयंपाकाचे कष्ट एकटीचे न राहता त्यांचा मोबदला मिळावा, याचीही उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. पुण्यात हमाल पंचायतीने बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम सत्तरच्या दशकात उभा केला. ना नफा ना तोटा या तत्त्वावर श्रमिकाला ताजे, पोटभर अन्न स्वस्तात मिळावे हा त्याचा हेतू. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणी कामगारांना डबे व जेवण पुरवणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रिया सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. त्यांना मंडळाने बँकांचे कर्ज मिळवून दिले. खाणारा आणि रांधणारी दोघेही गरीब असताना दोघांचेही भले होऊ शकते, हे या दोन प्रयोगांनी दाखवले. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली, तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु अनुदानावरची थाळी आणि संघटनेच्या बळावरची भाकर यांतला फरक अनुदान थकले की कळतो.

आता व्यायामाकडे वळावे. येथे सरसकट उपदेश करणे हा मध्यमवर्गीय अडाणीपणा होय. बाजार-समितीत दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाला जोर-बैठकांची गरज नाही. पोत्याचे वजन पन्नास किलोंच्या पुढे असू नये ही हमालांची जुनी मागणी हाच त्याचा आरोग्याचा कार्यक्रम आहे. त्याच्या पाठीला व्यायाम नव्हे, विसावा हवा. १९६९ चा माथाडी कायदा या दृष्टीने आरोग्याचाही कायदा ठरतो. उलट बारा-बारा तास खुर्चीत बसणारा पहारेकरी, रिक्षाचालक, शिलाईयंत्रावर वाकलेली स्त्री यांचे शरीर कष्टाने नव्हे, तर एकाच जागी जखडल्याने झिजते. आठवड्यातून दीडशे मिनिटे दमदार चालणे प्रौढ माणसास आवश्यक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाकाठी हे वीस-बावीस मिनिटे होतात. सूर्यनमस्कार, जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या यांना सतरंजीएवढी जागा पुरते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यात कबड्डी होती. आणि कबड्डीला चेंडूसुद्धा लागत नाही.

तिला मैदान मात्र लागते. गिरणगावात कबड्डी फोफावली ती चाळींच्या आवारांत आणि व्यायामशाळांत. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला खुल्या जागेसाठी, एक ‘म्हाडा’ला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली फेरबदल झाला आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ मोकळ्या असलेल्या भागाची व्हावी असे ठरले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेरबदल कायम केला. सार्वजनिक वाटा एका ओळीच्या दुरुस्तीने आक्रसला, आणि त्याच भागात उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत आज महिन्याच्या वर्गणीवर धावण्याची यंत्रे फिरत आहेत.

प्रत्येक शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षित भूखंडांची यादी असते आणि ती कोणालाही पाहता येते. शाखांनी आपापल्या प्रभागाची ती यादी मिळवावी, प्रत्यक्ष जागेवर जाऊन कोणत्या भूखंडावर काय उभे आहे याची नोंद करावी. जेथे मैदान अजून शाबूत आहे, तेथे संध्याकाळी सहा ते सात हा तास स्त्रियांसाठी राखून ठेवावा, अशी मागणी प्रभाग कार्यालयात लेखी नोंदवावी.