फोटोचा पोत

कापड घेताना आपण आधी रंग पाहतो आणि मग ते चिमटीत धरून त्याचा पोत पाहतो. फोटो असा चाचपता येत नाही. तिथे बोटांचे काम डोळ्यांना करावे लागते आणि त्यासाठी लागते सावली. प्रत्येक उंचवट्याची बारीकशी सावली पडली, तरच खडबडीत वस्तू खडबडीत दिसते. कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून पडतो, सावल्या वस्तूच्या मागे जातात आणि पोत पुसला जातो.

आमच्या पेणच्या गणपती कारखान्यांत याचे उत्तम उदाहरण मिळते. शाडूची मूर्ती रंगवण्याआधी दाराशी ठेवा, फ्लॅश बंद करा आणि उजेड एका बाजूने येऊ द्या. मातीवर उमटलेली बोटे, ओल्या ब्रशचे फटकारे स्पष्ट दिसतील. रंग चढला की या खुणा झाकल्या जातात. मग कारागिराच्या हाताची तेवढी नोंद फोटोतच उरते.

फोटो सकाळी किंवा संध्याकाळी काढावेत, असे सगळेच सांगतात. पेणच्या खारेपाटातील भेगाळलेल्या जमिनीसाठी ते अगदी खरे आहे. सूर्य खाली असला की प्रकाश जमिनीला घासून जातो आणि भेगा खोल दिसतात. पण रोह्याजवळच्या अवचितगडावर गेलात, तर हाच नियम फसवतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या तटावर सकाळचे ऊन थेट समोरून पडते, त्यामुळे दगड सपाट दिसतात. दुपार जवळ आली की तेच ऊन वरून भिंतीला घासत उतरते आणि दगडांचे सांधे उठून दिसतात. तेव्हा घड्याळ पाहू नका, प्रकाश कोणत्या बाजूने सरकतो आहे ते पाहा.

माणसाच्या चेहऱ्यालाही पोत असतो. अनेक मोबाइल आता त्वचा आपोआप गुळगुळीत करतात. माझ्याकडेही लोक घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो आणतात आणि म्हणतात, ''तेवढ्या सुरकुत्या काढा हो.'' मी त्यांना सांगतो, आजीला खिडकीशी बसवा, मोबाइलमधली ती सोय बंद करा आणि एक फोटो तसाच ठेवा. उन्हातान्हात शेत राखलेला तो चेहरा उद्या नातवंडांना ओळखता आला पाहिजे.